पहिली सरळ बाजू : सुतारशाळेतील रंधा मशीनची निवड आणि जुळणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून शाळेचा इतिहासच येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. तो लिहिणारे ज्येष्ठ या अंकात आहेतच. आम्ही एका यंत्राविषयी लिहीत आहोत. माजी विद्यार्थ्यांनी स्नेहमेळाव्यात सुतारशाळेसाठी निधी जमवला, त्यातून रंधा मशीन आले, आणि तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "एवढ्या पैशात यापेक्षा मोठे मशीन का नाही घेतले?" निधी समाजाचा आहे. तो कोठे खर्च झाला हे हिशेबाच्या वहीत दिसते. तसा का खर्च झाला, हे सांगणे आमच्याकडे लागते.

आरंभीच एक कबुली देतो. आमचे शिक्षण इतिहासातील एम. ए. चे. सुतारशाळेची जबाबदारी आमच्याकडे आली ती त्या वर्षी दुसरे कोणी मोकळे नव्हते म्हणून. पुढील मजकुरात तांत्रिक जे आहे, ते आमच्या सुतारकामाच्या निदेशकांकडून शिकलेले आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. इंग्रजी पुस्तकांत ज्याला जॉइंटर म्हणतात, ते यंत्र आपल्या बाजारात 'सरफेस प्लेनर' म्हणून मागावे लागते आणि कारागीर त्याला सरळ रंधा मशीन म्हणतात. दुकानात नुसते 'प्लेनर' म्हटले, तर कोणी हातात धरायचा विजेचा रंधा पुढे करतो, कोणी थिकनेसर दाखवतो. आम्हीही पहिल्या फेरीत थिकनेसरचीच किंमत विचारून आलो होतो. तो घेतला असता, तर निधी वाया गेला नसता. पण मुलांच्या बाकांचे पाय डुगडुगतच राहिले असते.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. झाड कापल्यावर लाकूड वाळते आणि आकसते, परंतु सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. म्हणून करवतीतून सरळ आलेली फळी काही महिन्यांनी पन्हळीसारखी खोलगट होते, लांबीत बाक घेते, किंवा चार कोपऱ्यांपैकी एक वर उचलून पीळ धरते. अशी पिळलेली फळी थिकनेसरमध्ये घातली, तर त्याचे रूळ तिला दाबून सपाट करतात आणि त्या दाबलेल्या स्थितीत वरचे लाकूड रंधले जाते. फळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, दाब सुटतो, आणि पीळ जसाच्या तसा परत येतो. जाडी सर्वत्र एकसारखी, गुळगुळीतपणा उत्तम, पीळ कायम. दोन बाजू एकमेकींना समांतर करणे हे थिकनेसरचे काम. पण त्यासाठी आधी एक बाजू खरोखरच सपाट असावी लागते. ती पहिली बाजू आणि तिच्याशी काटकोनात असलेली पहिली कड देणारे यंत्र म्हणजे रंधा मशीन.

त्याची रचना समजायला सोपी आहे. हातरंधा उलटा करून जमिनीकडे पाठ केली आणि लाकूड त्याच्यावरून ढकलले, की झाले हे यंत्र. ही केवळ उपमा नाही. युरोपात लाकडी पिंपे बनवणारे कारागीर चार-पाच फूट लांबीचा रंधा खरोखरच उलटा, तिरका टेकवून ठेवीत आणि पिंपाच्या फळ्यांच्या कडा त्यावरून ढकलून जुळवीत. यंत्रात दोन टेबले असतात. आपण उभे असतो ते अलीकडचे टेबल थोडे खाली असते. पलीकडचे बरोबर पात्यांच्या सर्वोच्च बिंदूइतके उंच. मध्ये पाती बसवलेला कटर ब्लॉक फिरतो. दोन टेबलांच्या उंचीत जेवढा फरक, तेवढे लाकूड निघते. रंधलेला भाग पलीकडच्या टेबलावर टेकतो आणि पुढच्या लाकडाला सरळ मार्ग दाखवतो. यंत्राची सगळी अचूकता या दोन टेबलांच्या परस्परसंबंधात आहे. मोटारीत ती नाही, रंगात नाही आणि विक्रेत्याच्या पत्रकात तर नाहीच.

आता निवडीकडे वळू. आपल्याकडे लहान कार्यशाळांत रंधा, गोल करवत आणि भोक पाडण्याची सोय एकाच सांगाड्यावर असलेले यंत्र फार चालते. किंमत कमी, जागा कमी. अनेक हितचिंतकांनी तेच सुचवले होते. आम्ही नाही म्हटले. त्यात रंध्याचे टेबल बहुधा आखूड असते. शिवाय एकाच फिरत्या दांड्यावर करवतही असल्याने रंधा चालवताना बाजूला करवतीचे पाते उघडे फिरत राहते. एकटा अनुभवी कारागीर ते सांभाळून घेईल. ज्या खोलीत एका वेळी वीस मुले उभी असतात, तेथे ते नको.

रुंदीचा प्रश्न सर्वाधिक विचारला गेला. ६, ९, १२ इंच रुंदीची यंत्रे सहज मिळतात, त्याहून मोठीही मिळतात. आमच्या सुतारशाळेत बनते काय? बाक, स्टूल, वसतिगृहाच्या खाटा, खिडक्यांच्या चौकटी, ग्रंथालयाची कपाटे. यांतील बहुतेक फळ्या ५-६ इंचांच्या आत. बल्लारशाहकडून येणाऱ्या सागाची रुंद फळी क्वचित ८ इंचांची. म्हणून ९ इंच घेतले. रुंदीऐवजी पैसा लांबीत घातला. टेबलांच्या एकूण लांबीच्या साधारण दुप्पट लांबीची फळी यंत्रावर नीट सरळ करता येते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. खाटेची बाजूपट्टी साडेसहा फुटांची असते. टेबल पाच फुटांचे घेतले, तेव्हा ती निर्धास्त बसते. १२ इंची पण आखूड टेबलाचे यंत्र त्याच किमतीत मिळत होते; दिसायला ते अधिक भारदस्त होते, एवढे खरे.

टेबले बिडाची असावीत. बीड जड असते, कंप शोषून घेते आणि एकदा सपाट केले की सपाट राहते. पत्रा वाकवून जोडलेला सांगाडा चालतो, टेबल मात्र तसे नको. दुकानात जाताना निदेशकांनी एक मीटरची पोलादी सरळपट्टी खाकोटीला मारून नेली होती. ती टेबलावर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून मागून विजेरीचा प्रकाश टाकायचा. जेथून प्रकाश झिरपतो तेथे खोलगटपणा. दुकानदार आधी हसला, मग गप्प झाला. पहिली दोन यंत्रे आम्ही याच कारणाने नाकारली.

तत्पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एक जुने यंत्र पाहिले होते. प्रचंड वजनाचे, उत्तम बिडाचे, आणि नव्याच्या चौथाई किमतीत. मोह झाला. निदेशकांनी पट्टा हाताने फिरवून आत पाहिले आणि मान हलवली. कटर ब्लॉक चौकोनी होता.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला थोडी मोकळीक द्यावी. रंध्याच्या यंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम यांनी १७९१ मध्ये घेतले. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे हे धाकटे बंधू. जेरेमींच्या मनात त्या काळी एका आदर्श तुरुंगाची योजना घोळत होती, आणि सॅम्युएल यांची लाकूडकामाची यंत्रे त्या तुरुंगातील कैद्यांकडून चालवून घ्यावीत असा विचार होता. म्हणजे हातात कौशल्य नसलेल्या माणसाकडूनही काम निघावे, ही या यंत्रामागची मूळ प्रेरणा. कौशल्य यंत्रात घालायचे आणि माणूस बदलता ठेवायचा. या विचाराची किंमत पुढे शंभर वर्षे बोटांनी मोजली. पूर्वीचे कटर ब्लॉक चौकोनी असत. चौकोन फिरायला जागा हवी, म्हणून टेबलांच्या ओठांमध्ये रुंद फट ठेवावी लागे. हात घसरला, तर तो त्या फटीत खोल ओढला जाई. गोल ब्लॉकमध्ये फट अरुंद राहते आणि पाते जेमतेम एक मिलिमीटर बाहेर डोकावते. इजा तेव्हाही होते, पण पंजा जात नाही. ब्रिटनमधील १९२२ च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांनी हाताने लाकूड ढकलायच्या रंधा यंत्रावर गोल ब्लॉक सक्तीचा केला. शंभर वर्षांपूर्वी जी वस्तू तेथे बेकायदा ठरली, ती स्वस्त आहे म्हणून आम्ही आपल्या मुलांसाठी आणणार होतो.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर एक माजी विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही. त्याच्या तुकडीतील सर्वांना ते ठाऊक आहे. दहावीनंतर तो शहरात एका फर्निचरच्या कारखान्यात लागला. तेथे काम लवकर उरकावे म्हणून यंत्राचे गार्ड काढून भिंतीला टांगून ठेवलेले असे. एके दिवशी वीतभर लांबीचा तुकडा रंधताना तो उलटला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. हजेरीपटावर नाव नव्हते, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच कोणी येऊ दिला नाही. यंत्र आल्याचे कळताच तो पाहायला आला. सगळे यंत्राभोवती कौतुकाने उभे होते. त्याने एवढेच विचारले : "सर, याचं गार्ड कुठे आहे?"

गार्ड खोक्यातच होते, अजून बसवलेले नव्हते. त्या दिवशी ते आधी बसवले आणि मग नारळ फोडला.

जुळणीची कथा थोडी आमच्या फजितीची आहे. यंत्र खोलीत आणून, चारही पाय बोल्टने जमिनीत घट्ट आवळून, आम्ही पहिल्या दोन फळ्यांच्या कडा रंधल्या आणि एकमेकींवर उभ्या ठेवून प्रकाशाकडे धरल्या. मध्ये फट होती. सरळपट्टी दोन्ही टेबलांवर मिळून ठेवली, तर पलीकडच्या टेबलाचे टोक खाली झुकलेले दिसले. टेबलांची बाहेरची टोके झुकली की कड मध्ये खोलगट निघते. टोके वर उचललेली असली की मध्ये फुगते. आम्ही तत्काळ विक्रेत्याला कडक शब्दांत पत्र लिहिले. दोन दिवसांनी निदेशकांनी सहज म्हणून जमिनीचे बोल्ट सैल केले, आणि टेबल जागेवर आले. फरशी एका कोपऱ्यात खचलेली होती. आम्ही बोल्ट आवळून यंत्रालाच पीळ घातला होता. क्षमा मागणारे दुसरे पत्र लिहिणे भाग पडले. म्हणून वाचकांपैकी कोणी यंत्र घेणार असेल, तर त्याने आधी चारही पाय पातळ पत्र्यांनी टेकवून यंत्र आपसूक स्थिर उभे करावे, मग बोल्ट फक्त धरण्यापुरते आवळावेत. त्यानंतरही टेबल झुकलेलेच राहिले, तर ज्या तिरक्या खाचांवर ते सरकते तेथे पितळी पत्र्याच्या बारीक पट्ट्या घालून उचलता येते. अलीकडचे टेबल पलीकडच्याच्या उंचीला आणून, पट्टीखालून ०.१० मिलिमीटरचे फिलर गेज कोठेही शिरत नाही, इतपत झाले की पुरे.

पाती बसवण्यापूर्वी प्लग काढून तो स्वतःच्या खिशात ठेवावा. बटण बंद असणे पुरेसे नाही. मग एक सरळ लाकडी पट्टी पलीकडच्या टेबलावर, टोक पात्यांच्या पुढे येईल अशी ठेवायची आणि पट्टीवर टेबलाच्या ओठाशी जुळणारी खूण करायची. ब्लॉक हाताने हळूच फिरवायचा. पाते पट्टीला किंचित उचलून पुढे नेते आणि सोडते. खूण किती सरकली ते मोजायचे. आमच्याकडे हे अंतर ३ मिलिमीटर ठेवतो. तिन्ही पात्यांना, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना, पट्टी तेवढीच सरकली पाहिजे. एका टोकाला ३ आणि दुसऱ्याला ६ आले, तर ते टोक उंच आहे. हलकेच खाली घ्यावे. ३ मिलिमीटर सरकणे म्हणजे पाते टेबलापेक्षा किती उंच, हे गणिताच्या सहकाऱ्यांनी काढून दिले : ब्लॉकचा व्यास १०० मिलिमीटर धरला तर मिलिमीटरचा सुमारे दोन शतांश भाग. असली सूक्ष्मता एका लाकडी पट्टीने मोजता येते, हे पाहून नववीतील मुले जितकी चकित झाली तितकेच आम्हीही झालो. पात्यांचे बोल्ट एका दमात आवळू नयेत. सर्व थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. आवळताना पाते सरकते, म्हणून शेवटी पुन्हा मोजावे.

पलीकडचे टेबल पात्यांपेक्षा खाली राहिले, तर फळीचे शेवटचे टोक अलीकडच्या टेबलावरून सुटताच खाली पडते आणि तेथे खड्डा पडतो. ते वर राहिले, तर फळीचे पुढचे टोक ओठाला अडते. टोकाला खड्डा दिसला की मुले पाते बोथट झाले म्हणतात. पाते नव्हे, टेबल पाहावे.

गाईड, म्हणजे ज्या उभ्या पट्टीला टेकवून कड रंधतो ती, गुण्याने तपासून काटकोनात आवळावी. तरीही केसभर चूक राहतेच. त्यावर निदेशकांनी सांगितलेली युक्ती आम्हाला फार आवडते. दोन फळ्या कडेला कड जोडायच्या असतील, तर एकीची दर्शनी बाजू गाईडला टेकवून रंधावी आणि दुसरीची उलट, मागची बाजू टेकवून. एकीचा कोन जेवढा कमी, तेवढाच दुसरीचा अधिक. जोडल्यावर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि फळी सपाट राहते.

रंधताना खोलगट बाजू खाली ठेवावी, म्हणजे फळी दोन कडांवर स्थिर बसते. तिला दाबून सपाट करू नये. तसे केले तर आपण थिकनेसरच झालो. बैलाच्या पाठीवरून हात फिरवताना जशी केसांची दिशा कळते, तशी लाकडाच्या रेषांची दिशा आधी पाहावी. उलट्या दिशेने घातले तर ढलप्या उचकटतात. एका फेरीत एक मिलिमीटरपेक्षा अधिक काढण्याची घाई आम्ही करत नाही. हात पात्यांवरून जाऊ देत नाही. पातळ किंवा आखूड लाकडाला ढकलण्याचा ठोकळा वापरतो. एका फुटाहून आखूड तुकडा यंत्रावर येतच नाही, त्याला हातरंधा आहे. हातमोजे, मनगटातील दोरे, लोंबती बाही, काहीही चालत नाही. सागाचा बारीक भुसा अंगाला खाजवतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगाच्या निश्चित कारणांत केलेला आहे. त्यामुळे धूळ ओढणारी पिशवी आणि तोंडाला मास्क यांवरही निधीतील काही भाग खर्च झाला. तो यंत्रावर दिसत नाही, म्हणून येथे नोंदवतो.

न दिसणारा आणखी एक खर्च स्टार्टरचा. आपल्याकडे वीज जाते आणि सांगून येत नाही. साध्या बटणावर यंत्र जोडले असेल, तर वीज परतताच ते आपोआप फिरू लागते, आणि नेमका त्याच वेळी कोणाचा तरी हात पात्यांवरचा भुसा झाडत असतो. नो-व्होल्ट कॉइल असलेल्या स्टार्टरमध्ये वीज गेली की जोडणी तुटते; ती परतली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. ज्यांच्या घरी किंवा दुकानात असे यंत्र आहे, त्यांनी हा लेख खाली ठेवून आधी आपला स्टार्टर पाहून यावा.

यंत्र चालवते कोण, हा पालकांचा प्रश्न योग्यच आहे. शाळेतील एकही विद्यार्थी ते चालवत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २१ यंत्राचे धोकादायक भाग भक्कम संरक्षकाने झाकण्यास सांगत असे आणि कलम २३ अल्पवयीन कामगाराला पूर्ण माहिती आणि प्रशिक्षण किंवा देखरेख यांशिवाय धोकादायक यंत्रावर लावण्यास मनाई करत असे. शाळा कारखाना नसली, तरी आम्ही त्याहून कडक नियम ठेवला आहे : अठरा वर्षांखाली कोणाचाही हात त्याला लागणार नाही. मुले पहिली बाजू हातरंध्यानेच सरळ करतात, गुण्याने तपासतात, पीळ डोळ्याने ओळखतात. यंत्रावर काय चालले आहे ते पिवळ्या रेषेबाहेर उभे राहून पाहतात आणि निघालेली फळी तपासून स्वीकारायची की परत पाठवायची, हे ठरवतात. परत पाठवलेल्या फळ्यांची वही आहे. तिच्यात निदेशकांच्या चार फळ्या आहेत.

पिवळी रेषा आखण्याचे काम त्या माजी विद्यार्थ्यानेच केले. महिन्यातून एका रविवारी तो येतो, पाती मोजतो आणि गार्डचा स्प्रिंग ओढून पाहतो.

शेवटी एक विनंती. गावोगावी जुनी घरे पाडली जात आहेत आणि त्यांतील सागाच्या तुळया सरपणाच्या भावाने जात आहेत. ते लाकूड कित्येक दशके वाळलेले असते. यापुढे ते फारसे पिळत नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी ते सुतारशाळेकडे पाठवावे. मात्र खिळे काढून पाठवावे, आणि काढल्यावर लोहचुंबक फिरवून पाहावे. मागच्या खेपेस आलेल्या तुळईत एक जुना चौकोनी खिळा राहून गेला होता. तिन्ही पात्यांना दाते पडले, आणि धार लावायला ती पाठवल्यावर पंधरा दिवस यंत्र बंद राहिले. पात्यांचा दुसरा संच घेण्यासाठी शिल्लक रकमेतून तरतूद केली आहे.